बाजीप्रभूंना देवीनं का नाही वाचवलं? (ऐतिहासिक सिनेमे, पोरं आणि माझी फजिती)

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. विषय जरा लांबट आहे, चहा घेऊन बसा.

शिवाजी पेठेत आमच्या गल्लीतल्या देवळाच्या सभामंडपात दर रविवारी सकाळी मी मुलांचा वर्ग घेते. दोन वर्षं झाली. नाव संस्कार वर्ग, पण खरं कारण असं की तेवढा वेळ आया निवांत असतात. आठ ते चौदा वयाची वीस-बावीस पोरं. मनाचे श्लोक, एखादं स्तोत्र, गोष्ट, शेवटी चिरमुरे-फुटाणे.

यंदा आषाढात वाटलं, नुसत्या गोष्टीपेक्षा सिनेमा दाखवू. पन्हाळा आपल्यापासून वीसेक किलोमीटरवर, निम्म्या पोरांचे दादा-काका पन्हाळा-पावनखिंड मोहिमेला जाऊन आलेले. म्हणून 'पावनखिंड' (2022 चा) निवडला. शेजारच्या तालमीनं प्रोजेक्टर दिला, पांढरी चादर बांधली. नंतर काय बोलायचं ते मी वहीत लिहून ठेवलं होतं: नेतृत्व म्हणजे काय, श्रद्धेनं बळ कसं येतं, देवी पाठीशी असली की अशक्य ते शक्य होतं वगैरे.

सिनेमा संपला. पोरं नुसती पेटलेली. 'हर हर महादेव' इतकं घुमलं की पलीकडच्या वाड्यातल्या आजी बघायला आल्या. मी वही उघडली आणि विचारलं, "महाराज एवढ्या मोठ्या वेढ्यातून कसे सुटले?" सगळे ओरडले, "देवी पाठीशी होती!" मी खूश.

तेवढ्यात मागं बसलेली एक दहा वर्षांची मुलगी म्हणाली, "मग बाजीप्रभूंना देवीनं का नाही वाचवलं? ते पण तिचेच होते की."

मी काय बोलले ते सांगायला आजही लाज वाटते. म्हटलं, "अगं, जे देवाला फार आवडतात त्यांना तो लवकर बोलावून घेतो." तिचा चेहरा उतरला. ती काही बोलली नाही. घरी जाताना वाटेत मला आठवलं, तिचे वडील कोरोनात गेले.

त्या रात्री झोप आली नाही. पुढचा रविवार चार दिवसांवर आलाय. अशा सिनेमांतून श्रद्धेचं आणि नेतृत्वाचं काही शिकवता येतं का, की मी उगाच नको त्या वाटेला गेले? कुणी असा प्रयोग केला असेल तर सांगा.

तालीमवाला

ताई, प्रोजेक्टर आमचाच हाय त्यो 😄 पोरांनी लई दंगा केला म्हणं.

देवीनं महाराजांना वाचवलं, बाजींनी देवीचं काम केलं. इषय कट. एवढं काय मनाला लावून घेताय.

चिकित्सक_कोपू

तालीमवाला, विषय इतक्यात कट होत नाही. त्या मुलीनं विचारलेला प्रश्न जगातल्या प्रत्येक धर्माच्या पंडितांना पिढ्यान्‌पिढ्या छळतो आहे.

पंचगंगाकाठ, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. 12 जुलै 1660 च्या रात्री महाराज पन्हाळ्यावरून निघाले ते महिनोन्‌महिने आखलेल्या योजनेमुळे. सिद्दी जौहरकडे शरणागतीची बोलणी लावून वेढा ढिला केला, पावसाचा आडोसा घेतला, वाट हेरून ठेवली, शिवा काशीद यांना महाराजांच्या वेशात दुसऱ्या पालखीतून पाठवलं. हे सगळं 'देवी पाठीशी होती' या तीन शब्दांत गुंडाळलं की मुलांच्या हाती नेतृत्वाचं काय लागलं? आखणी गेली, हेरगिरी गेली, माणसांची पारख गेली. उरला चमत्कार. तो काही शिकता येत नाही.

सिनेमांना ही खोड जुनीच आहे. 'संत तुकाराम' (1936) हा प्रभातचा थोर चित्रपट, 1937 साली व्हेनिसला गौरवला गेलेला. पण त्यातही महाराजांना पकडायला शत्रू येतो तेव्हा पांडुरंग कीर्तनातल्या सगळ्यांनाच शिवाजी करून टाकतो. मुलांना तेवढंच आठवतं.

रीळवाला_काका

चिकित्सकराव, त्याच चित्रपटात नजराणा परत पाठवण्याचा प्रसंग आहे, तो विसरलात. महाराजांकडून दागिने-कपडे येतात. घरात खायला दाणा नाही, बायको-पोरं हरखून जातात, आणि तुकोबा ते सगळं परत करतात. त्याला आधार खुद्द गाथेतला आहे. दिवट्या, छत्री, घोडे हे आपल्या हिताचं नव्हे, असं सांगणारा अभंग आहे. देणारा राजा आणि नको म्हणणारा वाणी, दोघांकडून शिकण्यासारखं. राजानं रागवायला हवं होतं, तो कीर्तनाला येऊन बसतो. पोरांना दाखवायचं तर ते दाखवा.

माझी हयात प्रोजेक्टर रूममध्ये गेली म्हणून थोडं अवांतर. ऐतिहासिक सिनेमा हा कोल्हापूरला बाहेरून आलेला पाहुणा नव्हे, तो इथंच वाढला. बाबूराव पेंटर यांनी कॅमेरा इथं स्वतः बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी इथं काढली. त्यांचा 'सिंहगड' 1923 चा, मूकपट. त्यात शेलारमामा कोण होते ठाऊक आहे? व्ही. शांताराम! प्रभातसुद्धा 1929 साली इथंच जन्मली, पुण्याला गेली ती 1933 मध्ये. नंतर भालजी पेंढारकरांनी जयप्रभा स्टुडिओत तलवारी आणि घोडे इतके वापरले की आमच्या लहानपणी पेठेतली निम्मी तालमीची पोरं मावळे म्हणून पडद्यावर दिसायची. 1948 च्या जाळपोळीत स्टुडिओ जळाला. तरी भालजी पुन्हा उभे राहिले आणि 1952 ला 'छत्रपती शिवाजी' काढला. माझ्या मते नेतृत्वाचा धडा त्या सिनेमात जितका आहे तितकाच तो काढण्यात आहे. खासबागेजवळच्या कॅमेरा स्तंभापाशी पोरांना एकदा न्या.

आता मुद्द्याचं. सिंहगडाच्या गोष्टीत तानाजी पडल्यावर मावळे पळायला लागतात. गोष्ट अशी की सूर्याजी दोर कापून टाकतो आणि त्यांना परत फिरवतो. मी पोरांना नेहमी विचारायचो, नायक मेल्यावर गड कुणी घेतला? सिनेमा नायकापाशी रडत थांबतो. पोरांना तिथं थांबू देऊ नका.

तालीमवाला

काका, माझं आजोबा पण हुतं मावळ्यांच्यात. भाला धरून तिसऱ्या रांगेत. पगार काय मिळाला म्हाईत न्हाई, पण मरेपर्यंत सांगत हुतं 😄

मेरी_शाहूपुरी

आमच्या चर्चच्या संडे स्कूलमध्ये मी नऊ वर्षं शिकवते. आम्हीही सिनेमे दाखवतो आणि आमचीही फजिती होते, म्हणून लिहिते.

'चॅरिअट्स ऑफ फायर' (1981) मोठ्या मुलांना दाखवला होता. एरिक लिडल हा स्कॉटिश धावपटू. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आली. रविवार हा प्रभूचा दिवस, म्हणून तो धावला नाही. नंतर 400 मीटर धावला आणि 47.6 सेकंदांत सुवर्णपदक मिळवलं. मुलांनी लगेच हिशोब मांडला, "देवाचं ऐकलं म्हणून देवानं गोल्ड दिलं." म्हणजे तुमच्यासारखंच झालं बघा. श्रद्धा म्हणजे पुढचं बक्षीस पक्कं करण्याची पावती!

मग मी त्यांना पुढचं सांगितलं. लिडल पदक घेऊन मिशनरी म्हणून चीनला गेला आणि 1945 मध्ये जपान्यांच्या छावणीत, कैदेत वारला. तिथं देवानं काय दिलं? वर्ग एकदम शांत झाला. मीही घाईनं उत्तर दिलं नाही. एका मुलानं विचारलं, "छावणीत तो काय करायचा?" मी म्हटलं, मुलांना शिकवायचा, त्यांचे खेळ घ्यायचा. त्यावर तो मुलगा म्हणाला, "मग तिथं पण तो कॅप्टनच होता की."

आणखी एक. सिनेमात लिडलला बोटीवर चढताना कळतं की शर्यत रविवारी आहे. खरं तर वेळापत्रक कित्येक महिने आधी कळलं होतं आणि त्यानं 400 मीटरची तयारी तेव्हापासूनच केली. हे सांगितल्यावर मुलं आधी खट्टू झाली, "मग सिनेमा खोटा?" पण मला खरी गोष्ट जास्त आवडते. ऐन वेळच्या बाणेदारपणापेक्षा कित्येक महिने टोमणे खात रोज सराव करणं जड. सिनेमाला ते दाखवायला सवड नसते.

ताई, त्या मुलीला तुम्ही जे बोललात ते आम्हीही अंत्यविधीच्या वेळी सर्रास बोलतो. मुलं ते मोठ्यांपेक्षा नीट ऐकतात. आधी तिच्याशी एकटीशी बोला. वर्गात नको.

पंचगंगाकाठ

मेरीताई, डोळ्यांत पाणी आणलंत. उद्याच तिच्या घरी जाते.

बोर्डिंगवाला

माझे आजोबा शाहू महाराजांनी 1906 साली काढलेल्या मुस्लिम बोर्डिंगात शिकले, म्हणून हे नाव. आमच्या घरी रमजानमध्ये मुलांना 'द मेसेज' (1976) दाखवायची पद्धत पडलीय. त्यात पैगंबर साहेब पडद्यावर दिसत नाहीत, आवाजही नाही. बाकीची पात्रं कॅमेऱ्याकडं बघून त्यांच्याशी बोलतात. माझ्या पोरीनं लहानपणी विचारलं, "अब्बा, हिरो कुठाय?" मी म्हटलं, "तुझ्याकडंच बघून बोलत्यात की सगळी." ती सावरून बसली.

बरेच दिवस मला ही नुसती धार्मिक अट वाटायची. आता वाटतं, पोरांना नेता शिकवायला याच्याइतकी चांगली जागा नाही. चेहरा नाही, मिशा नाहीत, स्लो मोशन नाही. जे आहे ते आजूबाजूच्या माणसांत दिसतं. बिलाल गुलाम होता, त्याला अजान द्यायला कुणी उभं केलं? आमच्यात हुदैबियाच्या तहाची गोष्ट सांगतात. समोरच्यांनी हरकत घेतली म्हणून करारातला स्वतःच्या नावापुढचा 'अल्लाचा रसूल' हा शब्द पैगंबर साहेबांनी पुसू दिला. सोबतची माणसं चिडली होती. तलवार उपसणं सोपं होतं.

आपल्या ऐतिहासिक सिनेमात असा माघारीचा सीन आला की पोरं मोबाईल काढतात. दिग्दर्शकाचा दोष म्हणायचा की आपला?

तालीमवाला

बोर्डिंग भावा, मोहरमला आमच्या तालमीत पंजा बसतो. यायचं ह्या वर्षी. सिनेमाचं तिथं बोलू.

बाई_पाचवी_ब

मी प्राथमिक शिक्षिका. एक वेगळीच काळजी मांडते. नेतृत्व आणि श्रद्धा राहू द्या, आधी वय बघा. गेल्या वर्षी 'छावा' आला तेव्हा माझ्या वर्गातली कितीतरी मुलं आई-बापाच्या मांडीवर बसून तो बघून आली. त्या चित्रपटाला सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांच्या जबाबदारीचं प्रमाणपत्र होतं. शेवटचा छळ बघून एक मुलगा आठवडाभर रात्री उठून रडत होता. वडील अभिमानानं सांगत होते, "बघा, रक्तच तसलं आहे." मी काय बोलणार?

संभाजी महाराजांचं बलिदान मुलांना सांगू नये असं मी म्हणत नाही. सांगावंच. पण पडद्यावरचं रक्त मूल पचवू शकत नाही तेव्हा त्याला भीती वाटते किंवा कुणाचा तरी राग येतो. भीती आणि राग यांना आपण श्रद्धा समजतो. आणि तो राग दुसऱ्या दिवशी वर्गातल्या कुठल्या मुलाच्या अंगावर जातो, हे बोर्डिंगवाला यांना मी सांगायला नको.

बोर्डिंगवाला

नको बाई. माहीत आहे. पोरगं एकदा घरी येऊन विचारत होतं, "अब्बा, आपण कुठल्या बाजूला होतो?" मी त्याला सिद्दी हिलालचं नाव सांगितलं. याच वेढ्याच्या वेळी बाहेरून पन्हाळा सोडवायला जे मराठी सैन्य आलं, त्यात सिद्दी हिलाल आपल्या पोरासकट महाराजांच्या बाजूनं लढला. त्याचा पोरगा, सिद्दी वाहवाह, पडला शत्रूच्या हाती. हे सिनेमात किती मिनिटं येतं ते तुम्हीच मोजा.

सदाशिवराव_९६

धागा भरकटतोय. मुलांना धर्माभिमान शिकवायला सिनेमे हवेतच. सगळ्या गोष्टींची चिरफाड करून त्यांच्या हातात काय देणार? कोरडा इतिहास?

चिकित्सक_कोपू

कोरडा? महाराजांची पत्रं वाचा एकदा. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, असं लिहिणारा राजा 1673 मध्ये चिपळूणच्या छावणीतल्या लोकांना…

कागदपत्र_वेडा

थांबा, दोन पत्रांची मिसळ झाली. (मिसळ कोल्हापुरातच चांगली, पत्रांत नको.) भाजीच्या देठाचा उल्लेख 1676 च्या, प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेल्या पत्रात आहे. 1673 चं चिपळूणकडचं पत्र वेगळं आणि माझ्या मते जास्त भारी.

पावसाळ्यात घोडदळ चिपळूणजवळ छावणीला होतं. महाराज लिहितात त्याचा मतलब असा: दाणा-वैरण आत्ताच उधळली तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी मरतील, ती तुम्हीच मारल्यासारखी होतील. मग तुम्ही गावात शिराल, कुणाचे दाणे आणाल, कुणाची भाकर, कुणाचं गवत, कुणाची भाजी. कुणबी गाव सोडून जातील आणि म्हणतील, यांच्यापेक्षा मोगल बरे. पुढं तर कमाल आहे. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, घोडी जळतील.

ज्याच्यावर आदिलशाही आणि मोगल दोन्ही टपलेले, तो माणूस उंदरानं ओढलेल्या वातीचा विचार करतोय. सदाशिवराव, याहून ओलं काय हवं?

अजून एक. बाजीप्रभू बांदल देशमुखांच्या सेनेचे. खिंडीत बांदलांची माणसं कापली गेली, त्यानंतर महाराजांनी दरबारातला पहिल्या मानाचा विडा बांदलांना दिला. तो मान आधी जेधे देशमुखांचा होता. जेध्यांनी तो सोडला. हा प्रसंग मला आख्ख्या खिंडीच्या लढाईइतकाच मोठा वाटतो. आपल्याकडं आरतीचा पहिला मान मिळाला नाही म्हणून मंडळं फुटतात.

तालीमवाला

शेवटचं वाक्य कुणाला उद्देशून हाय 🤨

कागदपत्र_वेडा

कुणालाच नाही भावा. सगळ्यांनाच.

सदाशिवराव_९६

उंदराची गोष्ट माहीत नव्हती. पत्र पूर्ण कुठं वाचायला मिळेल?

कागदपत्र_वेडा

शिवकालीन पत्रांच्या कुठल्याही चांगल्या संग्रहात सापडेल. करवीर नगर वाचन मंदिरात विचारा.

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. रविवारचा वृत्तांत देते. जरा लांबेल.

आधी त्या मुलीच्या घरी गेले. आई भाकऱ्या थापत होती, ही शेजारी बसून कणकेची चिमणी करत होती. मी तिला म्हटलं, "मी तुला चुकीचं उत्तर दिलं. मला त्याचं उत्तर येत नाही." ती म्हणाली, "आईला पण येत नाही." मग दोघींनी मला जेवायला बसवलं. झुणका-भाकरी. एवढंच झालं, पण पुढचा रविवार त्यामुळे हलका गेला.

वर्गात सिनेमाची शेवटची वीस मिनिटंच पुन्हा लावली आणि मधेच थांबवली. रीळवाला काकांचं ऐकून विचारलं, "खिंडीत लढाई चाललीय. त्या वेळी महाराज काय करतायत?" एक मुलगा म्हणाला, "पळतायत." त्यावर दुसरा धावून गेला अंगावर, आवरावं लागलं. मग सांगितलं की विशाळगडाच्या पायथ्यालाही सुर्वे-दळवी या आदिलशाहीकडच्या सरदारांचा वेढा होता, रात्रभर चालून आलेल्या माणसांना घेऊन महाराजांना तिथंही लढत वर जावं लागलं. आणि वर पोचल्यावर तोफेचा आवाज द्यायचा होता, कारण खाली कुणीतरी त्या आवाजाची वाट बघत होतं. "उशीर झाला तर तिकडं माणूस मरतो, हे डोक्यात ठेवून चढायचं," एवढंच बोलले. पळण्यावर पुन्हा कुणी बोललं नाही.

मग चिपळूणचं पत्र वाचून दाखवलं. जुनी भाषा कळेना, पण उंदीर आला तशी पोरं सरसावली. एकानं विचारलं, "महाराजांना उंदराचं कुणी सांगितलं?" दुसरा म्हणाला, "त्यांच्या घरी पण असतील की." देवीचा विषय मी काढला नाही, पोरांनीच काढला. आठ वर्षांचा एक जण म्हणाला, "देवीनं त्यांना उंदीर दाखवला असेल." चिकित्सक, तुम्ही हसाल. मला हे उत्तर माझ्या वहीतल्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा आवडलं.

शेवटी सगळ्यांना कागद दिले. म्हटलं, तुम्ही विशाळगडावर पोचलात. आता बाजीप्रभूंच्या घरी पत्र लिहा. बऱ्याच जणांनी 'आपला पुत्र अमर झाला' असं सिनेमातल्यासारखं लिहिलं. दोघांनी तलवारींची चित्रं काढली. त्या मुलीचं पत्र तीन ओळींचं होतं. तिच्या आईला विचारून इथं देते:

"तुमच्या घरी आता कोण कोण आहे ते कळवा. पावसाचं छप्पर गळतं काय? मुलांची शाळा बंद करू नका, फी मी देतो."

1660 मध्ये शाळेची फी कुठली, असं कुणी म्हणू नका. मी पण नाही म्हटलं.

पुढच्या महिन्यात सगळ्यांना घेऊन पन्हाळ्याला आणि खाली नेबापूरला शिवा काशीद यांच्या समाधीला जायचं ठरलंय. गाडीची सोय कुणी सुचवू शकेल का? पंचवीस माणसं, त्यात दोन आज्या.

मेरी_शाहूपुरी

आमच्या संडे स्कूलची सहा मुलं आली तर चालतील का? डबे आम्ही आणतो.

तालीमवाला

ताई, गाडी झाली. आमच्या एकाचा टेम्पो ट्रॅव्हलर हाय, डिझेलचं तेवढं बघा. दोन फेऱ्या मारू. आणि प्रोजेक्टर राहू द्या तुमच्याकडंच, गणपतीच्या मीटिंगला लागंल तवा नेतो.

ती फी कितीची हाय, तेवढं जरा फोनवर सांगा.